उत्तराची जागा

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आमच्या त्रैमासिकात बडोद्यातील जुन्या मराठी वाड्यांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. लेखक आता हयात नाहीत. लेख परिश्रमपूर्वक लिहिलेला होता; परंतु एका वाड्याविषयी त्यात असे एक वाक्य होते की, मालकाच्या कर्जबाजारीपणामुळे तो वाडा लिलावात गेला. पुढच्याच अंकात त्या मालकांच्या चिरंजीवांचे पत्र आले. वाडा लिलावात गेलेला नव्हता. त्यांचे वडील एका स्नेह्यास जामीन राहिले होते. स्नेह्याला कर्ज फेडता आले नाही, तेव्हा दिलेल्या शब्दासाठी वडिलांनी आपल्या हाताने वाडा विकून सावकाराचे देणे चुकते केले. त्या पत्राखालीच लेखकाने दोन ओळींत आपली चूक मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. प्रकरण तेथे मिटले. दोन्ही अंक एकाच वार्षिक खंडात बांधले गेले. लेख वाचणाऱ्याने पुढची काही पाने उलटली की पत्रही त्याच्या हाती लागत असे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या अंकांतील निवडक लेख संकेतस्थळावर ठेवण्यास आरंभ केला. वाड्यांचा लेख त्यात होता. वाचकांचा पत्रव्यवहार मात्र आम्ही वगळला होता. जुनी पत्रे आता कोण वाचणार, असे आम्हांसच वाटले होते. काही महिन्यांनी इंदूरहून एका वयोवृद्ध बाईंचे पोस्टकार्ड आले. ज्यांचा तो वाडा, त्यांच्या त्या नात. परदेशी शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने आजीच्या माहेरचे आडनाव सहज म्हणून संगणकावर शोधले. त्याला सर्वांत आधी तेच वाक्य दिसले, आणि त्याने दूरध्वनीवर विचारले, 'आजी, तुझ्या आजोबांचा वाडा लिलावात गेला होता का ग?' बाईंनी आमच्यावर राग केला नव्हता. त्यांनी एवढेच लिहिले होते: 'माझ्या वडिलांनी या गोष्टीचे उत्तर दिले होते. ते आपण कोठे ठेवले?'

आम्ही शोधू लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लेखाचा अंक सुटा असल्याने माळ्यावर राहिला होता. बांधीव खंड तळमजल्यावरच्या कपाटात होते, आणि ३१ जुलै २०१९ च्या पावसात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ते कपाट पाण्यात गेले. आरोप आमच्याजवळ शाबूत होता. उत्तराचा लगदा झाला होता.

त्या पोस्टकार्डाने आमच्यापुढे दोन प्रश्न उभे केले. जो दुसऱ्याविषयीचा शब्द प्रसिद्ध करतो, त्याच्यावर उत्तरास जागा देण्याचे बंधन असते काय? आणि असल्यास ती जागा कोणाच्या घरात असावी, आपल्या की परक्याच्या? पहिला प्रश्न जुना आहे. दुसरा आपल्या काळाने पुढे आणलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या दोहोंचा विचार करीत आहोत. वाचकांना आमचा निर्णय पटला नाही तरी विचार त्यांच्यापुढे असावा, एवढाच हेतू.

प्रथम आमच्या संकेतस्थळाच्या रचनेविषयी थोडे सांगावे लागेल. त्यास जाणकार 'स्थिर' संकेतस्थळ म्हणतात. प्रत्येक पान आधीच पूर्ण लिहून ठेवलेले असते, आणि कोणी मागितले की ते जसेच्या तसे पाठविले जाते. मागणीसरशी पान रचणारी आज्ञावली मागे चालत नसते, माहितीचा साठा उघडावा लागत नाही. त्यामुळे खर्च थोडा येतो आणि बिघाडही क्वचित होतो. कार्यकर्ते मोजके, तेही उतारवयाकडे झुकलेले, अशा मंडळास ही रचना सोयीची असते. परंतु असे पान केवळ देऊ शकते; काही घेऊ शकत नाही. वाचकाचा अभिप्राय स्वीकारून लिहून ठेवायचा, तर त्यासाठी कोठेतरी एखादी आज्ञावली सतत जागी ठेवावी लागते. म्हणजे पान स्थिर आणि त्याखालचा अभिप्राय चल, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते. तशी करावी की नाही, यावर कार्यकारिणीत मतभेद झाला.

एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे होते की, जुना लेख हा जुना लेख आहे. त्यास कोणी हात लावू नये, त्याखाली काही जोडूही नये. या म्हणण्यास मोठ्या परंपरेचा आधार आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरून घेताना तिच्यात अनेक अपपाठ शिरले होते. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असे निक्षून बजावले. एकनाथमहाराज स्वतः समर्थ कवी होते. त्यांची ओवी ज्ञानेश्वरीत शोभली नसती असे नाही. तरीही दुसऱ्याच्या शब्दांत आपला शब्द मिसळणे त्यांनी निषिद्ध मानले. त्यांची ही दृष्टी सोडली, तर कोणताही ग्रंथ कोणाचाच उरणार नाही.

पण हीच परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. ज्या ज्ञानेश्वरीत भर घालण्यास मनाई केली, ती शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी स्वतः गीतेवरील टीका आहे. एकनाथी भागवत हीही भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकाच. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी मूळ ग्रंथाच्या आत शिरणे वर्ज्य मानले. त्याच्याशेजारी बसून बोलणे मात्र मानाचे मानले. निषेध मिसळण्याचा होता, उत्तर देण्याचा नव्हता. हा भेद एकदा स्पष्ट झाला की आमच्या ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप पुष्कळसा दूर होतो. लेखातील वाक्य बदलून 'लिलावात गेला' याऐवजी 'विकला' असे लिहिणे अयोग्यच ठरेल, कारण मृत लेखकाच्या तोंडी आपण आपला शब्द घातला असे होईल. त्या वाक्याच्या शेजारी, निराळ्या नावाने, निराळ्या तारखेने उत्तर ठेवणे हे अयोग्य नाही.

शेजारी म्हणजे किती जवळ, हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर आमच्या नगरातच दिले गेलेले आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली होती. दोन्ही आवृत्त्यांचे पान उघडून पाहावे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ असतो, खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद असतात. संपादकांनी नाकारलेला पाठही फेकून दिलेला नाही. त्याच पानावर, रेघेखाली, त्याला स्थान दिलेले आहे. पुढचा अभ्यासक आपल्या बुद्धीने पारखील, एवढा विश्वास त्यामागे आहे. उत्तराची जागा ती हीच, असे आम्हांस वाटते. ती मजकुरात नसावी आणि दूरच्या कपाटातही नसावी. ती त्याच पानावर असावी.

छापील नियतकालिकांत ती इतकी जवळ नव्हती, पण होती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि तेव्हापासून मराठी वृत्तपत्रे वाचकांच्या पत्रांनी समृद्ध होत गेली. भाऊ महाजनांनी १८४१ साली सुरू केलेल्या 'प्रभाकर'मध्ये गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने १८४८ पासून लिहू लागले. मराठी गद्यातील तो मानदंड आज 'शतपत्रे' म्हणून ओळखला जातो. त्या लेखनाचे रूप पत्राचेच होते. आपल्याच समाजावर इतके कठोर बोलणाऱ्या लेखणीला एका संपादकाने आपल्या घरात जागा दिली, म्हणून तो ठेवा आपल्यापर्यंत आला. पत्रव्यवहाराचे सदर म्हणजे अंकाच्या शेवटी उरलेली जागा भरण्याची सोय, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. आम्हीही मानीत होतो, हे वर कबूल केलेलेच आहे.

मात्र जागा देणाऱ्याला जोखीमही घ्यावी लागते. १८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रांच्या आधारे आरोप केले. ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता, कोल्हापूरच्या छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती. पण दुसऱ्याने आणून दिलेला कागद आपण छापला की त्याचा भार आपल्याही खांद्यावर येतो, हे त्या दोघांनी आपल्या उमेदीच्या वयात भोगून पाहिले. तात्पर्य, उत्तराची जागा आणि त्या जागेची जबाबदारी ही आजवर एकाच घरात राहत आली. जो छापीत असे तोच पत्रे वाचीत असे, निवडीत असे, जपीत असे, आणि प्रसंगी शिक्षाही भोगीत असे.

आता या दोन गोष्टींची फारकत करता येते. कार्यकारिणीपुढे आलेला दुसरा प्रस्ताव नेमका तसाच होता. आमच्या तरुण सहकाऱ्याने समजावून सांगितले की, प्रत्येक पानाच्या शेवटी चार-दोन ओळींची सूचना घातली की तेथे अभिप्रायाची चौकट आपोआप उमटते. वाचकाने लिहिलेले एका परकीय कंपनीच्या संगणकांत जाते, तेथेच राहते, तेथूनच पानाखाली दिसते. आपण काही सांभाळायचे नाही, काही खर्चायचे नाही. प्रस्ताव ऐकून आम्हांस बरे वाटले, हे लपविण्याचे कारण नाही. ज्या मंडळाला पंख्याची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलावी लागते, त्यास फुकट या शब्दाचा मोह पडणारच.

परंतु फुकट म्हणजे काय, याची चौकशी केली तेव्हा पाऊल मागे घ्यावेसे वाटले. अशा व्यवस्थेत वाचकाचे केवळ उत्तरच परक्या घरी जात नाही. तो कोणते पान वाचतो, कोठून आला, पुढे कोठे गेला, याचा मागही काढता येतो, आणि जाहिरातदारांना त्याचे मोल असते. अभिप्राय सांभाळणाऱ्या कंपन्यांत 'डिस्कस' ही फार पसरलेली. तिने वाचकांचा असा माग त्यांच्या संमतीवाचून काढला, या कारणावरून २०२१ साली नॉर्वेच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने तिला अडीच कोटी क्रोनर दंडाची पूर्वसूचना दिली. त्याआधी २०१७ मध्ये याच कंपनीने जाहीर केले होते की, २०१२ सालापर्यंतच्या सुमारे एक कोटी पंचाहत्तर लाख वापरकर्त्यांची माहिती परक्या हातांत पडली आहे. गोष्ट कळताच तिने ती उघड केली, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण जो वाचक आमच्या लेखाखाली दोन ओळी लिहितो, तो आमच्यावर भरवसा ठेवून लिहितो. त्याने त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. त्याचा भरवसा आम्ही त्यास न विचारता दुसऱ्याच्या पेढीवर ठेवावा काय?

टिकाऊपणाचे म्हणाल, तर तोही मोठ्या घरी असतोच असे नाही. आपल्या मुलाबाळांनी 'ऑर्कुट'वर किती हौसेने गप्पांचे मेळे भरविले होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. परगावी आणि परदेशी विखुरलेल्या कितीतरी मंडळांचा पत्रव्यवहार 'याहू ग्रुप्स'वर चाले. तेथील जुना साठा काढून टाकण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. त्या कंपन्यांनी कोणाचा विश्वासघात केला असे आम्ही म्हणत नाही. धर्मशाळेच्या मालकाने धर्मशाळा बंद करावयाची ठरविली, तर प्रवाशाने भांडावे कोणत्या हक्काने?

येथवर आमचा युक्तिवाद सरळ होता. मग त्याच ज्येष्ठ सभासदांनी एक प्रश्न विचारून तो मोडला. ते म्हणाले, 'आणि आपले कपाट? परक्याच्या घरी पूर तरी येत नाही.' हे खरे होते. त्या कंपन्यांचे संगणक अनेक ठिकाणी राखलेले असतात, एकाची हानी झाली तर दुसऱ्यावरून काम चालते. आमच्याजवळ एक खोली, एक कपाट आणि तीन जणांच्या घरी तीन किल्ल्या आहेत. वाळवी लागली, पूर आला, कार्यवाह दिवंगत झाले, यांपैकी प्रत्येक प्रसंगी मंडळाने काही ना काही गमावलेले आहे. सुरक्षितता हा एकच निकष धरला, तर आपले घर हरते. आपल्या घरी ठेवलेले जास्त टिकते, असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

तरीही आम्ही आपले घर निवडले, आणि त्याचे कारण त्या पोस्टकार्डातच होते. बाईंनी विचारले, 'ते आपण कोठे ठेवले?' हा प्रश्न त्या आम्हांस विचारू शकल्या. आमचा पत्ता त्यांना ठाऊक होता, आणि त्या प्रश्नापुढे आमची मान खाली गेली. पुरात कपाट गेले तेव्हा ती कोणाची हलगर्जी, हे आम्हां सर्वांस माहीत होते: खंड वरच्या माळ्यावर हलवावेत असा ठराव होऊनही ते हलविले गेले नव्हते. परक्या घरी हेच उत्तर नाहीसे झाले असते, तर बाईंनी विचारले कोणास असते? आम्ही म्हणालो असतो, आमच्या हाती काही नाही. कंपनी म्हणाली असती, आमच्या अटी आपण मान्य केल्या होत्या. दोघेही खरे बोलले असते आणि जबाब देणारा कोणीच उरला नसता. ठेव आपल्याजवळ ठेवण्याचे नैतिक कारण ती अधिक सुखरूप राहते हे नव्हे. ठेव बुडाली तर कोणाच्या दारात उभे राहायचे हे ठेवीदारास कळावे, हे ते कारण आहे.

'आपले घर' या शब्दालाही मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. ज्या संगणकावर आम्ही ही व्यवस्था केली तो भाड्याचा आहे आणि दुसऱ्याच्या आवारात आहे. त्यावर मुक्त वापराची एक लहानशी आज्ञावली चालते आणि सर्व अभिप्राय एकाच धारिणीत साठतात. ती धारिणी उचलून उद्या दुसऱ्या संगणकावर नेता येते. घर भाड्याचे असले तरी भांडीकुंडी आपली असावीत, म्हणजे मालकाने जागा सोडायला सांगितली तर बोचके बांधून निघता येते; तसाच हा प्रकार. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. मूळ गाव सोडून आलेल्या आपल्या पूर्वजांनी देवघरातले देव आणि कुळाचे कागद कधी दुसऱ्यावर सोपविले नाहीत.

निर्णय झाला म्हणजे काम संपले नाही, उलट तेथून खरी ओझी सुरू झाली. पहिले ओझे वाचण्याचे. प्रत्येक अभिप्राय कोणीतरी वाचल्यावाचून पानाखाली येणार नाही, असे आम्ही ठरविले. येथे कायदा आणि नीती यांच्या वाटा जराशा वेगळ्या पडतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ७९ व्या कलमाने दुसऱ्यांचे शब्द केवळ वाहून नेणाऱ्या मध्यस्थास संरक्षण दिले आहे. त्यातील एक अट अशी की, त्याने मजकूर निवडू वा बदलू नये. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण आणखी स्पष्ट केले: न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना आल्यावर मजकूर काढला नाही, तरच ते जाते. २०२१ च्या नियमांनी स्वतःहून काही मजकूर काढण्यास मोकळीक दिली असली, तरी कायद्याचा मूळ कल ज्याने हात लावला नाही त्यास वाचविण्याकडे आहे. मोठ्या मध्यस्थांच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण ज्या मंडळात वर्षाला फार तर शंभर-दीडशे अभिप्राय येणार, त्याने 'आम्ही वाचलेच नव्हते' ही सबब पुढे करावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. न वाचता छापलेल्या शब्दाने कोणाच्या घराण्याला बोल लागू शकतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

दुसरे ओझे नाकारण्याचे. नाकारण्याचा अधिकार हाती आला की आवडीनिवडीलाही जागा मिळते. मंडळावरील टीका नको, परंपरेवरील टीका नको, अशी कात्री चालू लागली तर उत्तराची जागा खुशामतीची जागा होईल. म्हणून आम्ही दोनच कारणे मान्य केली: जिवंत वा मृत व्यक्तीची निराधार बदनामी आणि शिवीगाळ. अभिप्राय नाकारला तर कारण लिहून कळवावयाचे, आणि नाकारलेल्या अभिप्रायाची प्रत ठेवावयाची. रामायणाच्या संपादकांनी रेघेखाली पाठभेद ठेवले, त्याची ही आमची लहानशी नक्कल.

तिसरे ओझे पुसण्याचे, आणि ते सर्वांत अवघड. आज उत्साहाने लिहिलेले उद्या काढून टाकावे असे एखाद्यास वाटले, तर? आमचे मत असे की, ठेव ज्याची त्याने परत मागितली तर ती परत केली पाहिजे. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. पण त्या उत्तराला कोणी प्रत्युत्तर दिले असेल, तर एकाचे शब्द काढल्याने दुसऱ्याचे अधांतरी राहतात. आणि मूळ लेखकच हयात नसेल तर? वाड्यांच्या लेखाचे लेखक आज उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांनी चूक कबूल केली होती, हे त्याच पानावर सांगणे हा त्यांच्याही प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. उत्तराविना राहिलेल्या लेखाने बाईंच्या आजोबांवर अन्याय केला. तसाच एका प्रामाणिक लेखकावरही केला. चूक तेवढी राहिली आणि तिची कबुली गेली.

ही ओझी ज्यांना पेलणार नाहीत, त्यांनी उत्तराची चौकट उघडू नये, असेही आम्ही म्हणू. बंधन जागा देण्याचे आहे. ती याच रीतीने दिली पाहिजे असे नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि जुन्या पानावर तिची एक ओळ जोडावी, एवढेही पुष्कळ आहे. दार उघडे ठेवून घरात कोणी नसणे हे मात्र बंद दारापेक्षा वाईट. येणाऱ्याला वाटते आपले म्हणणे पोचले, आणि ते पोचलेले नसते.

आता त्या पत्राचे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. आम्ही वर्गणीदारांना पत्रे पाठवून हरवलेल्या अंकाविषयी विचारणा केली. ग्वाल्हेरच्या एका कुटुंबाकडे तो निघाला. त्यांच्या आजींनी आमचे अंक लोखंडी ट्रंकेत ठेवले होते, आणि घरात आता मराठी सहज वाचणारे कोणी नसतानाही ती ट्रंक कोणी टाकली नव्हती. पत्र होते, लेखकाची दिलगिरी होती, आणि पत्राच्या कडेला पेन्सिलीने ओढलेली एक उभी रेघ होती. ती कोणी ओढली हे त्या घरात कोणास ठाऊक नाही.

या शोधाने आमच्या निर्णयालाही थोडा धक्का दिला. उत्तर आमच्या घरी राहिले नाही आणि परक्या कंपनीच्या घरी जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते राहिले एका वाचकाच्या घरी. म्हणून व्यवस्थेत आम्ही एक कलम वाढविले. वर्षअखेरीस सर्व अभिप्राय साध्या कागदावर छापून ते वार्षिक अंकासोबत वर्गणीदारांना पाठवावयाचे. कोणाच्या ट्रंकेत काय वाचेल हे आज सांगता येत नाही. जबाबदारी एकाच घराची असावी, प्रती मात्र अनेक घरांत असाव्यात.

ग्वाल्हेरहून आलेले पत्र आम्ही अक्षरशः उतरवून वाड्यांच्या लेखाखाली ठेवले आहे. त्याखाली लेखकाची कबुली, दोहोंस मूळ अंकाची तारीख. इंदूरच्या बाईंना कळविले. त्यांना संगणक वापरता येत नाही. त्यांचे दुसरे पोस्टकार्ड आले आणि तेही त्यांच्या इच्छेनुसार तेथेच उतरविले आहे. त्यात त्यांनी लिहिले आहे की, नातवाने पान वाचले, आणि आता तो विचारतो, जामीन राहणे म्हणजे काय. ते समजावून सांगण्यास आपल्याला तासभर लागला, असेही त्यांनी लिहिले आहे.